लाभार्थी

मी अनुवादाची कामं करते. साहित्याची नव्हे. अहवाल, माहितीपत्रकं, परिषदांचे ठराव, असलं सगळं, ज्यावर कुणाचं नाव नसतं आणि जे छापून आल्यावर बहुधा कुणी उघडतही नाही. मागे असंच एक टिपण आलं होतं. विषय होता हवामानबदल, आणि त्यात शहरं व आदिवासी समाज यांच्यातली भागीदारी. चाळीसेक पानं. मुदतीच्या आदल्या रात्री जागून ती हातावेगळी केली, पाठवून दिली आणि विसरूनही गेले. दोन दिवसांनी मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंचा फोन आला. त्या मोजकं बोलतात.

"सतराव्या पानावर 'आदिवासी लाभार्थी' असं लिहिलंयत. मूळ मजकुरात तसं आहे का?"

मी मूळ उघडून बघितलं. तिथे सरळ 'पार्टनर' होतं.

आता हे झोपेत झालं म्हणावं, तर मग बाकीच्या एकोणचाळीस पानांवर का झालं नाही? खरं कारण मला कळत होतं. इतकी वर्षं सरकारी वळणाचं मराठी लिहिल्यावर बोटांना वाट पाठ झालेली असते. 'आदिवासी' उमटलं की पुढचा शब्द ठरलेला : विकास, कल्याण, योजना, वसतिगृह, लाभार्थी. 'आदिवासी भागीदार' ही जोडी माझ्या हातून त्याआधी एकदाही लिहिली गेली नव्हती. बोटांनी बिचाऱ्यांनी सवयीने केलं. बाईंनी दुरुस्ती केली, टिपण छापून झालं, पैसेही आले. पण तो शब्द काही डोक्यातून गेला नाही. लाभार्थी म्हणजे ज्याला लाभ होतो तो. मग या सगळ्या व्यवहारात लाभ नेमका कुणाला होतोय, हे मी बघायला लागले आणि त्या नादात कॅनडातल्या विनिपेग शहराच्या नळापाशी जाऊन पोचले.

१९१३ साली विनिपेग भरभराटीला आलेलं शहर होतं. माणसं वाढत होती, रेल्वे वाढत होती, पाणी मात्र पुरत नव्हतं आणि होतं ते जड होतं. इंजिनियरांनी नकाशा पसरून पूर्वेकडच्या शोल लेक या तलावावर बोट ठेवलं. पाणी गोड, भरपूर, आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे तलाव शहरापेक्षा उंचावर. सुमारे दीडशे किलोमीटर लांबीचा बंद कालवा बांधला की पाणी नुसत्या उतारावरून, एकही पंप न लावता, आपल्या पायांनी शहरात येणार. करदात्यांनी मतदान करून खर्चाला मंजुरी दिली. १९१९ मध्ये पाणी शहरात पोचलं. बांधकामशास्त्राच्या दृष्टीने ते काम आजही वाखाणण्यासारखं आहे. शंभराहून जास्त वर्षं झाली, शहर अजून त्याच पाण्यावर आहे.

तलावाच्या ज्या तोंडाशी पाणी घ्यायचं ठरलं, तिथे अनिशिनाबे या आदिवासी समाजाचं गाव होतं. आज त्या गावच्या समाजाचं अधिकृत नाव 'शोल लेक ४० फर्स्ट नेशन' असं आहे; 'फर्स्ट नेशन' म्हणजे कॅनडातला आदिवासी समाज. गावाला तिथून उठवून बाजूच्या भूशिरावर नेऊन वसवलं. त्यानंतरची गोष्ट मी तीनदा वाचली, कारण पहिल्या दोन वेळी मला वाटलं की आपल्या वाचण्यात काहीतरी चुकतंय. तलावाला एक लहान नदी येऊन मिळते. ती दलदलीतून येते, म्हणून तिचं पाणी चहासारखं तांबूस. शहराला तांबूस पाणी नको होतं. म्हणून एक बांध घातला आणि भूशिराच्या मधूनच एक चर खणून ते पाणी पलीकडच्या उपसागरात वळवलं. इकडचं पाणी स्वच्छ राहिलं. आणि भूशिर मुख्य जमिनीपासून तुटून त्याचं बेट झालं, त्यावरच्या गावासकट.

झालं. पुढची शंभर वर्षं त्या गावाला रस्ता नव्हता. उन्हाळ्यात होडी नाहीतर फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या तलावाच्या पाठीवरून चालणं. मधल्या दिवसांत, म्हणजे बर्फ धड धरलेला नाही आणि धड वितळलेलाही नाही अशा आठवड्यांत, देवाचं नाव घ्यायचं. बर्फ फुटून माणसं बुडाली आहेत. रस्ता नाही म्हणून बांधकामाचं सामान नेणं परवडत नाही, सामान नाही म्हणून जलशुद्धीकरण केंद्र नाही. १९९७ मध्ये त्या गावात पाणी उकळूनच प्यावं अशी सूचना लागू झाली. ती २०२१ पर्यंत उठली नाही. चोवीस वर्षं. ज्या तलावाचं पाणी दीडशे किलोमीटरवरचं शहर नळ सोडून पीत होतं, त्याच तलावाच्या काठावर लोक बाटलीबंद पाण्याचे जार उचलून घरी नेत होते.

२०१४ मध्ये त्याच विनिपेगमध्ये मानवी हक्कांचं भलंमोठं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. आत शांतपणे बसायला पाण्याची उथळ तळी आहेत. पाणी अर्थातच शहराचं. गावाने त्यावर जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी आपल्या बेटावरच 'कॅनडातल्या मानवी हक्क उल्लंघनांचं संग्रहालय' उघडलं. वस्तू आणायची गरज नव्हती. तो चर, ती फेरीबोट, ते पाण्याचे जार. येणाऱ्याला फिरवून दाखवायचं.

२०१९ मध्ये अखेर चोवीस किलोमीटरचा बारमाही रस्ता झाला. त्याला गावाने नाव दिलं 'फ्रीडम रोड'. खर्चात केंद्र, प्रांत आणि विनिपेग शहर तिघांनी वाटा उचलला. दोन वर्षांनी शुद्धीकरण केंद्रही सुरू झालं. बातम्यांत या रस्त्याचं वर्णन 'समाजाला मिळालेली मदत' असं पुष्कळ ठिकाणी होतं. वाचताना मला सतरावं पान आठवलं. शंभर वर्षं फुकट पाणी एकाने प्यायचं आणि लाभार्थी दुसऱ्याला म्हणायचं!

यात हवामानबदल कुठे आला, असं कुणी विचारेल. एक तर सरळच आहे : ज्यांचा रस्ता बर्फाचा असतो, त्यांच्यासाठी उबदार हिवाळा म्हणजे रस्ता वाहून जाणं. पण मला त्याहून वेगळं म्हणायचं आहे. शहर म्हणजे तरी काय, तर लांबून काहीतरी आणून वापरायची व्यवस्था. पाणी, वीज, लाकूड, धान्य, तांबं, तेल. हवामानाच्या हिशोबात शहर आपल्या हद्दीतली धुराडी आणि गाड्या मोजतं, आणि आकडा खाली आला की अहवाल काढतं. तो अहवाल मराठीत आणायचं काम कधी कधी माझ्याकडे येतं. नळाच्या दुसऱ्या टोकाला काय झालं याचा रकाना त्या तक्त्यात नसतो.

हा रकाना असायला हवा, हे शहरांना कुणी पहिल्यांदा सांगितलं? ती गोष्ट १९९० ची आहे. ॲमेझॉन खोऱ्यातल्या आदिवासी संघटनांनी १९८४ मध्ये एकत्र येऊन 'कोइका' नावाचा महासंघ काढला होता. त्याचे पहिले अध्यक्ष एवारिस्तो नुग्कुआग हे पेरूमधल्या आवाहून समाजाचे. तो काळ जगभरच्या पर्यावरणवाद्यांना वर्षावनांचा नुकताच पुळका आलेला होता तो. भित्तिपत्रकांवर पोपट, जग्वार, बेडूक. माणसं नाहीत. १९८९ मध्ये कोइकाने पर्यावरणवाद्यांना उद्देशून एक निवेदनच काढलं. त्याचा आशय असा : तुम्ही जंगलाबद्दल बोलता, जंगलात आम्ही राहतो, तर आम्हाला वगळून बोलू नका, आमच्या जमिनींचं रक्षण हेच जंगलाचं रक्षण. १९९० च्या मे महिन्यात पेरूमधल्या इकितोस गावी दोन्ही बाजूंची बैठक झाली, आणि ऑगस्टमध्ये ही मंडळी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला आली.

फ्रँकफुर्ट म्हणजे बँकांचं शहर. तिथे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या काही नगरपालिका आणि ॲमेझॉनच्या संघटना यांनी मिळून एक आघाडी स्थापन केली, 'क्लायमेट अलायन्स'. रिओची जागतिक पर्यावरण परिषद अजून दोन वर्षं लांब होती. देशांचा एकही हवामान करार नव्हता. तेव्हा नगरपालिकांनी सांगितलं की आम्ही २०१० पर्यंत आमचा कार्बन डायऑक्साइड अर्ध्यावर आणू, सार्वजनिक कामांत वर्षावनांतलं लाकूड वापरणं टाळू आणि तुमच्या जमिनींच्या हक्कासाठी तुमच्या पाठीशी उभे राहू. दुसऱ्या बाजूने देणं काय होतं? जंगल राखणं. ते तर ते आधीपासून करतच होते.

हा करार मला मनापासून आवडतो, कारण त्यात कुणी कुणाला मदत करत नाहीये. दोघांचं काम एकच, टोकं दोन. शहराने धूर कमी करायचा, जंगलवाल्यांनी जंगल टिकवायचं. आपल्याकडे जमीन अर्धेलीने करतात तेव्हा एकाची जमीन, एकाची मेहनत आणि खळ्यावर दोघांच्या डोळ्यांदेखत वाटणी. पीक बुडालं तर दोघांचं बुडतं. भागीदारी या शब्दाला मराठीत एक रोखठोक व्यापारी वास आहे, आणि इथे तो वास उपयोगाचा आहे. प्रेम, आदर, निसर्गाशी नातं हे सगळं असू द्या. आधी वही काढा.

तर वही काढू. आज त्या आघाडीत दोन हजारांच्या आसपास नगरपालिका आहेत. अर्ध्यावर आणायचं उद्दिष्ट २०१० ला गाठलं गेलं नाही. ते पुढे 'दर पाच वर्षांनी १० टक्के' असं झालं, आणि अर्ध्याची मुदत २०३० वर गेली, तीही दरडोई. मी हे छद्मीपणाने लिहीत नाही; शहरांच्या हातात वीजकेंद्रं नसतात, पेट्रोलवरचा कर नसतो. तरी वहीत जे आहे ते आहे. दुसऱ्या पानावर बघितलं तर ब्राझीलमध्ये उपग्रहांच्या छायाचित्रांवरून जमिनीचा वापर मोजणाऱ्या मॅपबायोमास या प्रकल्पाचा आकडा आहे : १९९० ते २०२० या तीस वर्षांत आदिवासी प्रदेशांतलं नैसर्गिक आच्छादन सुमारे १ टक्का घटलं, खासगी जमिनींवरचं २० टक्क्यांहून जास्त. सुरुवातीचं साल बघा. फ्रँकफुर्टचंच. एका वाटेकऱ्याने आपलं काम कुठलाही अहवाल न काढता केलं. त्यासाठी माणसं मेली आहेत, तो भाग वेगळा.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडायचं आहे. 'जगातली ८० टक्के जैवविविधता आदिवासींच्या भूमीवर आहे' हे वाक्य मी आजवर निदान डझनभर टिपणांत अनुवादित केलं असेन. २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात संशोधकांनी, ज्यांत आदिवासी समाजांतलेही अभ्यासक होते, दाखवून दिलं की या आकड्याला बुडच नाही. कुणीतरी कुठेतरी लिहिलं, दुसऱ्याने ते उचललं, आणि तो फिरत राहिला. त्यात हातभार लावणाऱ्यांत मीही एक. वाईट याचं वाटतं की खरे आकडे पुरेसे बोलके असताना फुगवलेल्या आकड्याची गरज कुणाला पडली? बहुधा ज्यांना भागीदार नको, दैवत हवं, त्यांना. दैवताचं बरं असतं. ते वाटणी मागत नाही.

वाटणीचंही बघून घेऊ. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत काही देशांनी आणि देणगीदार संस्थांनी आदिवासींच्या जमीनहक्कांसाठी पाच वर्षांत १.७ अब्ज डॉलर देण्याचा शब्द दिला. टाळ्या पडल्या. पहिल्या वर्षी जे पैसे वाटले गेले, त्यांतले ७ टक्के थेट आदिवासींच्या संघटनांकडे गेले. उरलेले मधल्या संस्थांमार्फत. सल्लागार, क्षमतावर्धन, कार्यशाळा, आणि हो, अनुवाद. त्या साखळीतली शेवटची का होईना, एक कडी मी आहे.

पण भागीदार समोर खराखुरा उभा राहिला की शहरं कशी वागतात हे बघायचं तर न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला जायला हवं. ते शहर ज्वालामुखींवर वसलंय. मधेमधे हिरव्या टेकड्या आहेत, तिथल्या माओरी आदिवासींचे 'पूर्वज डोंगर'. २०१४ मध्ये कायदा करून असे १४ डोंगर १३ माओरी समूहांच्या मालकीचे झाले, आणि कारभारासाठी एक प्राधिकरण नेमलं गेलं, ज्यात माओरी प्रतिनिधी आणि शहराचे प्रतिनिधी समसमान. कागदावर याहून चोख भागीदारी मी तरी पाहिलेली नाही. मग प्राधिकरणाने ठरवलं की ओवायराका या डोंगरावरची ३४५ परदेशी झाडं काढायची आणि हजारो देशी रोपं लावायची. २०१९ च्या नोव्हेंबरात तोडणी सुरू होणार, तर आजूबाजूच्या रहिवाशांनी फाटकावरच ठाण मांडलं. हवामानबदलाच्या काळात मोठी झाडं तोडता? पक्ष्यांनी कुठे जायचं? सावलीचं काय? तंबू पडले, महिने गेले, प्रकरण कोर्टात. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की लोकांना नीट विचारलं गेलं नव्हतं, त्यामुळे निर्णय बेकायदेशीर.

मी या भांडणावर बराच वेळ घालवला आणि अजूनही माझं धड मत नाही. झाडं वाचवणाऱ्यांत पर्यावरणावर जीव असलेली सज्जन माणसं होती. टप्प्याटप्प्याने काढा, असं ते म्हणत होते, आणि त्यात तथ्य होतं. माओरी प्रतिनिधी म्हणत होते की हा आमचा पूर्वज आहे, याच्या अंगावर काय उगवावं हे आम्ही ठरवू. तुम्ही इथे फिरायला येता. त्यातही तथ्य होतं. एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरली. जोवर त्या डोंगरांवर माओरी पद्धतीने प्रार्थना म्हणायची, फलकावर माओरी नाव लावायचं, तोवर कुणाची हरकत नव्हती. पहिला निर्णय मनाविरुद्ध गेला तेव्हा प्रश्न उठला : यांना विचारलं कुणी?

कॅनडातल्याच व्हँकुव्हरची गोष्ट याच्या उलट्या बाजूने जाते. तीही १९१३ चीच, योगायोगाने. ज्या वर्षी विनिपेगकर पाण्यासाठी मतदान करत होते, त्याच वर्षी व्हँकुव्हरमध्ये सेनाख या स्क्वॉमिश आदिवासींच्या वस्तीतल्या लोकांना जमीन विकायला भाग पाडून पडावात बसवलं आणि रवाना केलं. मागे घरं जाळली. त्या जमिनीतून रेल्वे आधीच गेली होती, पुढे वर पूल आला. अनेक दशकांच्या कोर्टकचेरीनंतर या शतकाच्या सुरुवातीला सुमारे साडेदहा एकर परत मिळाली. कशी? रेल्वेच्या जुन्या पट्ट्यांच्या आकाराची, वाकडीतिकडी, पुलाच्या पायथ्याशी, ताटात उरलेल्या चतकोर भाकरीसारखी.

त्यावर स्क्वॉमिश लोकांनी बाग नाही केली. ११ मनोरे उभे करायला घेतले, सहा हजारांच्या आसपास घरं, बहुतेक भाड्याची. ती राखीव जमीन असल्यामुळे शहराचे उंचीचे नियम तिथे चालत नाहीत. घरांच्या मानाने पार्किंग अगदी थोडं. इमारती गरम ठेवायला शहराच्या सांडपाण्यातली उष्णता वापरायची योजना. पाणी, मलनिस्सारण, अग्निशमन या सेवांसाठी २०२२ मध्ये शहराशी १२० वर्षांचा करार झाला आणि त्याचे पैसे स्क्वॉमिश देणार. शेजारच्या बंगल्यांतून कुरकुर आली. त्यातला एक सूर ऐकण्यासारखा होता : आदिवासींनी हे असे काचेचे मनोरे बांधावेत? हे त्यांच्या परंपरेला धरून आहे का?

हसू आलं मला. परंपरा म्हणजे काय, तर शेजाऱ्याच्या समुद्रदर्शनाच्या आड न येणारी. मला स्वतःला मनोरे आवडत नाहीत, आणि तिथली भाडी गरिबांना परवडतील असं वाटत नाही. पण ते माझं मत झालं. वही स्क्वॉमिश लोकांची. शिवाय कामाच्या जागेजवळ दाट वस्ती, गाड्या कमी, वाया जाणारी उष्णता परत वापरणं, हे सगळं प्रत्येक शहराच्या हवामान आराखड्यात छापलेलं असतंच. मी स्वतः ते कितीतरी वेळा मराठीत आणलंय. तिथे ते बांधायला घेतलं गेलं, इतकंच.

शोल लेकचं गाव आठवून मी मधे एक खेळ करून बघितला. एका जुन्या अनुवादाची फाइल उघडली आणि 'लाभार्थी' या शब्दाच्या जागी सगळीकडे 'घेणेकरी', म्हणजे ज्याचं येणं बाकी आहे तो, असं घालून वाचून पाहिलं. वाक्यं व्याकरणात बसत होती. अर्थ मात्र असा काही फिरला की चहा गार झाला तरी मी वाचतच होते. 'शहराने घेणेकऱ्यांशी संवाद साधला.' 'घेणेकऱ्यांमध्ये जनजागृती करण्यात आली.' 'घेणेकऱ्यांच्या क्षमता वाढवण्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा.' मग फाइल जतन न करता बंद केली.

गेल्या आठवड्यात त्याच मालिकेतलं पुढचं टिपण आलं. पन्नास पानं, मुदत नेहमीप्रमाणे परवाची. मुखपृष्ठावर नेहमीचा फोटो : सूट घातलेले महापौर, शेजारी पिसांचा मुकुट घातलेले वयस्क गृहस्थ, हातात हात. महापौरांचं नाव खाली दिलंय. गृहस्थांचं नाही. पाचव्या पानावर इंग्रजीतच 'इंडिजिनस बेनिफिशियरीज' असं छापलेलं. अनुवादकाने मुळाशी इमान राखायचं असतं. मी 'आदिवासी लाभार्थी' लिहिलं आणि समासात बाईंसाठी एक टीप टाकली : या वेळी चूक माझी नाही.

त्यांचा अजून फोन आलेला नाही.